काकांचा पांढरा डबा आणि नवं सोब्रानी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या कपाटात ‘बाल्कन सोब्रानी’ या पाइपच्या तंबाखूचा न उघडलेला पांढरा डबा सापडला, बहुधा १९८०च्या आसपासचा. त्याच नावाचा नवा डबा भाच्याने अमेरिकेहून आणून दिला. दोन्ही एकाच आठवड्यात ओढून पाहिले. काकांचा मऊ, गोडसर, घशाला कुठेही न लागणारा. नवा धुरकट आणि जिभेला टोचणारा. मग नवा नकली म्हणायचा का? आणि अशा पुन्हा बाजारात आलेल्या जुन्या मिश्रणाची पारख करायची कशी?

नकली नाही. तुमची जीभही खोटं बोलत नाही. घोळ तुलनेत आहे. तुम्ही चाळीस वर्षं डब्यात मुरलेला तंबाखू आणि परवा भरलेला तंबाखू समोरासमोर ठेवलात. मुरलेलं लोणचं आणि काल घातलेलं लोणचं एकाच ताटात वाढून “आईच्या हातची चव सुनेला नाही” म्हणावं, तसं झालं हे. खरी तुलना व्हायची तर काकांनी तो डबा दुकानातून आणला त्या दिवशीची चव हवी, आणि ती आज कोणाकडेही नाही. काकांकडेही नसती, कारण आठवणीतला तंबाखूसुद्धा मुरत जातो.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे हे कोण सांगतंय ते कळेल. गाव निपाणीजवळ. लहानपण तंबाखूच्या वखारींच्या वासात गेलं. बायका वखारीतून संध्याकाळी बाहेर पडल्या की त्यांच्या लुगड्यांना येणारा तो उग्र वास अजून नाकात आहे. तो विडीचा तंबाखू, पाइपच्या कामाचा नव्हे. पण पान कच्चं कधी, तयार कधी, आणि बिघडलेलं कधी, हे नाकाने ओळखायला मी तिथेच शिकलो. पुढे व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढली. पाइप तिथेच लागला. आता आठवड्याला दोन, फार तर तीन. डॉक्टर म्हणतात शून्य, आणि डॉक्टरांचंच बरोबर आहे. धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग पाइपवाल्याला सोडत नाही. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरुवात करू नये. तुम्ही ओढता, म्हणून उत्तर देतो.

आधी या डब्याची कुळकथा, कारण तिच्यातच अर्धं उत्तर आहे. सोब्रानी हे लंडनच्या रेडस्टोन घराण्याचं दुकान, १८७९पासूनचं. त्यांच्या पाइप मिश्रणांत सर्वांत नावाजलेलं हे पांढऱ्या डब्यातलं ‘ओरिजिनल स्मोकिंग मिक्श्चर’. काळ्या डब्यातलं ७५९ क्रमांकाचं त्याचं दणकट भावंड. १९८०च्या दशकात घर गॅलहर कंपनीकडे गेलं. नाव तेच, डबा साधारण तोच, पण ओढणाऱ्यांची कुरकुर तेव्हापासूनच सुरू होती. पुढे मिश्रण बाजारातून गेलं आणि २०११मध्ये परत आलं. या वेळी बनवणारे होते जर्मेन अँड सन, इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरचं १८२०पासूनचं छोटं घर, आणि अमेरिकेत विकणारी कंपनी अरँगो. म्हणजे तुमच्या भाच्याच्या डब्यावरचं नाव जुन्या घराचं, हात मात्र दुसऱ्याच घराचे. हे हात कसलेले आहेत, ही गोष्ट वेगळी.

पुन्हा आलेलं मिश्रण म्हटलं की सगळी एका माळेची नसतात. डनहिलने २०१८मध्ये पाइपचा तंबाखू बंद केला आणि पुढच्याच वर्षी ती मिश्रणं पीटरसनच्या नावाने परत आली. तिथे मुख्यतः डब्यावरची पाटी बदलली. त्यामुळे त्यांतल्या ‘माय मिक्श्चर ९६५’बद्दल “पूर्वीचं राहिलं नाही” म्हणणाऱ्याला मी आधी डोळे बांधून ओळखून दाखवायला सांगतो. सोब्रानीचं तसं नाही. मध्ये वर्षं गेली, घर बदललं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पानं बदलली.

पानांकडे येऊ. या मिश्रणाचे तीन खांब: व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लटाकिया.

व्हर्जिनिया म्हणजे बंद कोठीत गरम हवेवर वाळवलेलं पान, साखरेने भरलेलं. आपल्या आंध्र-कर्नाटकातही पिकतं. ते गोडवा देतं, आणि मुरतंही तेच जास्त. लटाकिया आधी उन्हात वाळवतात आणि मग लाकडाच्या मंद धुरावर टांगून काळं होईपर्यंत धुरवतात. सिरियातल्या बंदरावरून नाव पडलं, पण सिरियाचा लटाकिया आज बाजारात येत नाही. त्या धुरापायी तिथली जंगलं उजाड होत होती. आता मिळतो तो सायप्रसच्या पद्धतीचा. त्याच्या धुरात मस्तकीचं झुडूप असतं, तेच ज्याचा डिंक आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळतो. एकदा तो चिमूटभर निखाऱ्यावर टाकून बघा. नव्या डब्याच्या वासातला एक धागा लगेच सापडेल.

पण खरी गोम तिसऱ्या खांबात आहे. ओरिएंटल म्हणजे लहान पानांचा, उन्हात वाळवलेला, निकोटिन कमी आणि सुगंधी तेलं जास्त असलेला तंबाखू, पूर्वीच्या तुर्की साम्राज्यातला. त्यात सर्वांत मान येनिजेला, आजच्या ग्रीसमधल्या झांथी शहराच्या परिसरातल्या पानाला. एके काळी या नावाचा दबदबा एवढा होता की जर्मनीत ड्रेस्डेनला एका सिगारेट कारखान्याने ‘येनिडझे’ नाव घेऊन मशिदीसारखी इमारत उभारली, घुमटासकट. १९०९मध्ये पूर्ण झाली. जहाज हॅम्बर्गला अडकलं होतं तेव्हा रेल्वेने जाऊन बघून आलो. मिनार म्हणून जो दिसतो तो धुराडं आहे! अशा एखाद्या खोऱ्यातलं पान म्हणजे देवगडचा हापूस. कलम दुसरीकडे लावता येतं, फळही चांगलं येतं, पण देवगडचं ते देवगडचं. आज मिश्रणात ओरिएंटल पडतो तो चांगला असतो. पण कोणत्या टेकडीचा, यावर पूर्वी जी घरं अडून बसायची तो काळ सरला.

म्हणून पहिला नियम: पुन्हा आलेल्या मिश्रणाला “तू तोच का?” असं विचारू नका. तो नाहीच. “जुन्याने जे काम केलं ते तू करतोस का?” असं विचारा. पांढऱ्या डब्याचं काम काय होतं? लटाकियाच्या धुरामागे ओरिएंटल दडपून न जाता पुढे यावा, आणि व्हर्जिनियाने दोघांना खालून उचलून धरावं. मृदंगात शाई असते म्हणून मृदंग बोलतो. शाईच दिसू लागली तर वाजवणाऱ्याचं कुठेतरी चुकलंय. लटाकिया ही शाई.

आता चाळीस वर्षांत डब्यात काय होतं ते बघा. लटाकियाचा धूर हळूहळू बसतो, टोकं बोथट होतात. व्हर्जिनियाच्या साखरा आणि आम्लं एकमेकांत मिसळून खारकेसारखा गडद गोडवा येतो. तिन्ही पानं एकमेकांचा वास घेतात. म्हणून काकांचा डबा मऊ लागला. त्यातली कारागिरी सोब्रानीची, पण मऊपणा बराचसा काळाचा आहे. नव्या डब्यात धूर अजून ताठ आहे. तो टोचला याचं निम्मं कारण आणखी साधं असावं: तंबाखू ओला होता. ओला तंबाखू पेटत नाही म्हणून माणूस जोरात ओढतो, वाफ होते, आणि ती वाफ जीभ भाजते. माझे या नावाचे दोन्ही डबे उघडले तेव्हा बोटांना चिकटण्याइतके दमट होते.

तर नीट तुलना करायची असेल तर असं करा.

जुना डबा पूर्ण रिकामा केला नसेल तर आधी त्याची प्रकृती बघा. आतून गंज आहे का? झाकणाच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं असेल तर हवा आत जाऊन तंबाखू वाळलेला असतो. मग चव मुरल्याची नसून नुसती उडून गेल्याची असते, आणि तिला लोक सभ्यपणाने “सौम्य” म्हणतात. पानावर बारीक चकाकणारे कण दिसले तर घाबरू नका. केसाळ, फिक्कट जाळं आणि बंद घरातल्या गादीसारखा कुबट वास आला तर मात्र काकांची कितीही आठवण असो, फेकून द्या. बुरशीचा धूर ओढायचा नसतो.

मग ओलावा सारखा करा. ही पायरी वगळली तर पुढचं सगळं फुकट. दोघांना एकाच डब्यात ठेवू नका. नव्याचा धूर जुन्याला लागेल. दोन वेगळ्या काचेच्या बरण्या, घट्ट झाकणाच्या, लोणच्याच्या नकोत. प्रत्येकीत ६५ टक्के आर्द्रतेची एकेक पुडी, सिगारवाले वापरतात ती, आणि पंधरा दिवस. चिमूट दाबून सोडली की तंबाखू सावकाश उलगडला पाहिजे; गोळा तसाच राहिला तर ओला, चुरा झाला तर कोरडा. मुंबई-कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा प्रयोग करूच नका. बरणी उघडून पाइप भरेपर्यंत हवा आपलं पाणी आत ओतते. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

पाइप. लटाकिया ब्रायरच्या, म्हणजे नेहमीच्या पाइपच्या लाकडात असा बसतो की पुढचे दहा तंबाखू त्याचीच तक्रार करत राहतात. म्हणून नेहमीचा पाइप चालणार नाही. मक्याच्या कणसाचे तीन सारखे पाइप घ्या, मिसूरी मियरशॉमचे. स्वस्त असतात, आणि ते १८६९पासून हेच बनवतायत. पहिले चार-पाच बाउल, म्हणजे पाइपच्या चार-पाच भरण्या, कणसाची स्वतःची गोड चव येते. ती जाईपर्यंत एखादा साधा व्हर्जिनिया ओढून तिन्ही सारखे तयार करा. मातीचे पाइप चवीला त्याहून प्रामाणिक, पण हाताला चटके बसतात आणि तुमचं निम्मं लक्ष बोटांकडे राहतं.

भरताना वजन करा. सोनाराचा छोटा काटा असेल तर फारच छान. दोन्हीकडे अडीच ग्रॅम. वेळ सकाळची, न्याहारीनंतर तासाभराने. न्याहारी पोहे-उपम्याची. मिसळ खाऊन तंबाखू पारखायला बसणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी तंबोरा लावणं. चहा-कॉफी नको. मध्ये साधं पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा. जीभ पुसायला भाकरीसारखं काही नाही.

पहिल्या पेटवणीत वरचा थर फुगून वर येतो. तो हलक्या हाताने दाबून दुसऱ्यांदा पेटवा. मग विसरल्यासारखं ओढायचं. धूर तोंडात घोळवायचा आणि थोडासा, अगदी धाग्याएवढा, नाकातून हळूच सोडायचा. ओरिएंटल तिथेच सापडतो, जिभेवर नाही. ज्यांना तो कधीच “लागत नाही” ते बहुतेक नाक वापरत नाहीत. पाइप विझला तर विझू द्या, परत पेटवा. विझू नये म्हणून लोहाराच्या भात्यासारखं ओढणाऱ्यांनी जगातल्या अर्ध्या चांगल्या मिश्रणांना बदनाम केलं आहे.

वही ठेवा, आणि वहीत मराठीत लिहा. इंग्रजी परीक्षणांतले “चामडं, मनुका, जुनं कपाट” उचलून लिहिणारे खूप बघितले. त्यांनी चामडं हुंगलेलं नसतं. आपल्या भाषेत वासाची चांगली शिडी आहे. धुराचंच घ्या. खमंग म्हणजे धूर अन्नाला धार देतो तेवढा. धुरकट म्हणजे चुलीवरच्या दुधाला लागलेला, नको असलेला. करपट म्हणजे मर्यादा ओलांडलेला. लटाकियाचं परीक्षण या तीन शब्दांत निम्मं होतं. आंबूस, आंबट आणि आंबलेलं हे तीन वेगळे. चांगला ओरिएंटल आंबूस असतो, उन्हात वाळलेल्या लिंबाच्या सालीसारखा, आणि मागे देवघरातल्या धुपाची आठवण ठेवतो. व्हर्जिनियात वाळलं गवत असतं, तरुण असताना हिरवट. मुरल्यावर काकवीकडे झुकतं. आणि कुबट, खवट, मातकट हे शब्द ठेवा बिघाडासाठी. मी जहाजावर नोंदी इंग्रजीत करायचो. नंतर वाचल्या तर सगळी मिश्रणं सारखीच वाटायची. मराठीत लिहू लागलो तेव्हा चवी वेगळ्या झाल्या.

बाउल तीन भागांत लिहा. वरचा तृतीयांश दिखाऊ असतो, लटाकिया तिथे मिरवतो. मधला भाग खरा. तोल आहे की नाही ते तिथे कळतं. तळाशी राख आणि ओल जमते, तिथे स्वस्त तंबाखू कडू होतो आणि चांगला नुसता गडद होतो. निकाल फक्त वरच्या भागावर देणं म्हणजे आलापीवरून मैफल संपवणं. एका बाउलवर तर मुळीच नको. किमान सहा, वेगवेगळ्या दिवशी.

यानंतर ती परीक्षा, जिच्यात माझाही एकदा फजितवाडा झाला. तीन पाइप घ्या. घरातल्या कोणाला तरी सांगा: दोनांत एकच तंबाखू आणि तिसऱ्यात दुसरा भर, कोणता कशात ते सांगू नकोस. तुम्ही फक्त वेगळा पाइप ओळखायचा. असं सहा दिवस. नुसत्या अंदाजावर सहापैकी दोनदा बरोबर येईल. पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं तरच म्हणायचं की फरक तुम्हाला खरोखर कळतो. अंदाजाने इतकं जमण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी. मी हे ९६५च्या जुन्या-नव्या डब्यांवर केलं. आधी मित्रांमध्ये छाती ठोकून सांगितलं होतं की नव्यात दम नाही. सहापैकी तीनदा बरोबर आलो. बायकोने तो कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला होता, बरेच दिवस.

तुमच्या दोन डब्यांत मात्र फरक कळेलच, तो वयाचा. म्हणून तिसरी तुलना करा, खरी उपयोगाची: नव्या सोब्रानीची आजच्याच दुसऱ्या एखाद्या लटाकिया-ओरिएंटल मिश्रणाशी. दोघंही ताजे. तिथे नवा डबा आपल्या पायावर उभा राहतो का ते दिसेल.

माझा निकाल विचाराल तर असा. जर्मेनचं सोब्रानी हे चांगलं, नेटकं, जुन्या वळणाचं मिश्रण आहे. व्हर्जिनिया तर माझ्या अपेक्षेपेक्षा थोडी उजवीच. तोल मधल्या भागात सापडतो आणि तळापर्यंत टिकतो, हे सोपं नाही. लटाकिया ताजेपणी खमंगच्या पुढे जाऊन धुरकटाला हात लावतो. तो काळ बसवेल. उणीव ओरिएंटलमध्ये. जुन्या पांढऱ्या डब्यात एक थंड, आंबूस, पहिल्या पावसाआधी अंगणाचा वास सुटावा तशी रेघ होती, ती नव्यात पुसट आहे. ती मुरल्याने येत नाही, कारण ती मुळात पानात होती. नावाला काळिमा नाही. नावाचा पूर्ण वारसही नाही. डबा वेगळ्या नावाने आला असता तर मी जास्त आनंदाने ओढला असता. मला वाटतं या मिश्रणाला सगळ्यात जास्त त्रास त्याच्या नावानेच दिला.

आणि टंचाईचाही एक भुलावा आहे. जर्मेनचं काम छोटं. डबे आले की संपतात आणि साठेबाजांकडे जातात. जे मिळत नाही ते जास्त चांगलं लागतं. चढ्या भावाने घेतलेल्या डब्याला वाईट म्हणायला जीभ धजत नाही, आणि काही जण नेमके त्याच भावामुळे त्याला वाईट म्हणतात. तुमचा डबा भाच्याने दिलाय, फुकट; त्या दृष्टीने तुम्ही चांगले परीक्षक आहात.

आता हातात असलेल्याचं काय करायचं. नव्या डब्याचा अर्धा भाग वरच्या प्रयोगाला वापरा. उरलेला अर्धा छोट्या बरणीत गच्च भरा, वर हवा कमीत कमी, झाकण घट्ट, अंधारात, स्वयंपाकघरापासून लांब. पाच वर्षांनी उघडा. झाकणावर आजची तारीख चिकटपट्टीखाली लिहा. नुसती शाई एका पावसाळ्यात पुसली जाते, माझ्याकडे अशा चार अनाम बरण्या आहेत. काकांचा डबा ५० ग्रॅमचा असेल तर त्यात जेमतेम वीस बाउल. सहा परीक्षेचे धरा, एखाददुसरा तुम्ही आधीच ओढला. उरलेल्या बारा-तेरांतला एक, काकांना ओळखणारं घरात कोणी असेल तर, त्यांच्या शेजारी गॅलरीत बसून ओढा आणि वही आत ठेवा.